उसाचा तुरा आणि बेण्याची कांडी



दिवाळीच्या सुमारास उसाला तुरे दिसू लागले की आम्हांला एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, तुऱ्यात बी असतं, मग कांडीच का लावायची?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर फुलातील पेशींमध्ये आहे.

आधी ज्वारीचे उदाहरण घेऊ. परागकण फुलाच्या कुक्षीवर पडला की त्याला बारीक नळी फुटते. ती वाढत वाढत बीजांडात शिरते व तिच्यातून दोन नरपेशी आत उतरतात. एक नरपेशी अंडपेशीशी एकरूप होते. तिच्यापासून अंकुर बनतो. दुसरी मधल्या पेशीतील दोन केंद्रकांना मिळते. त्यातून अंकुराची शिदोरी, म्हणजे दाण्यातले पीठ तयार होते. आपली भाकरी ती हीच! हे दुहेरी फलन नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ साली दाखवून दिले.

उसाच्या तुऱ्यात बी धरते तेही असेच. पण प्रत्येक नरपेशीत आणि अंडपेशीत आई-बापाच्या गुणांची वाटणी निराळी होते. उसात तर शंभरावर गुणसूत्रे. त्यामुळे एकाच तुऱ्यातील दोन बियांची रोपे सारखी निघत नाहीत. असा जुगार शेतकऱ्याला परवडायचा नाही. शास्त्रज्ञांना मात्र नवी जात यातूनच मिळते. कोईमतूरला गोड ऊस व रानटी ऊस यांच्या संकरातून को २०५ ही जात निघाली, १९१८ साली ती प्रसारित झाली. आपली को ८६०३२ हीसुद्धा को ६२१९८ व कोसी ६७१ यांच्या संकरातूनच निवडलेली आहे.

कांडी लावताना फलन होत नाही. आपल्या वसमतच्या हळदीच्या गड्ड्यासारखाच, डोळा फुटतो तो मूळ उसाच्याच पेशींतून. म्हणून जात जशीच्या तशी टिकते. पण काणी, गवताळ वाढ हे रोगही बेण्याबरोबरच येतात.

तेव्हा सभासदांनी एवढे करावे :

१) तुरा आलेल्या उसाचे बेणे लावू नये. बेणेमळ्यातील ९ ते ११ महिन्यांचे निरोगी बेणेच वापरावे.

२) तुरा आला की उसाची वाढ थांबते; पुढे पांगशा फुटतात, ऊस पोकळ पडून वजन व साखर घटते. असा ऊस लवकर तोडणीस द्यावा. त्यासाठी शेतकी विभागास वेळीच कळवावे.

बेणे चांगले तर फड चांगला. कळावे.