सोनेरी माकडाचे घर

मुलांनो, माकड म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? कौलांवर उड्या मारणारे, हातातले केळे पळवणारे माकड, होय ना? आज आपण एका निराळ्या माकडाची ओळख करून घेऊ. ते दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात राहते. त्याचे नाव सोनेरी सिंह-माकड. इंग्रजीत त्याला गोल्डन लायन टॅमरिन म्हणतात.

हे माकड अगदी लहान असते. त्याचे वजन सुमारे 600 ग्रॅम, म्हणजे अर्धा किलो साखरेपेक्षा थोडेसेच जास्त! अंगावर सोन्यासारखे चमकणारे केस आणि चेहऱ्याभोवती सिंहासारखी आयाळ असते. ते फळे, किडे व लहान सरडे खाते. आपली लांब बोटे झाडाच्या सालीत घालून ते किडे शोधते. रात्री सारे कुटुंब झाडाच्या ढोलीत झोपते. मादीला बहुधा जुळी पिल्ले होतात. ती पाठीवर घेऊन फिरण्याचे काम बाप व थोरली भावंडेही करतात.

रिओ दि जानेरो राज्यातील समुद्राजवळचे जंगल हे त्याचे घर. माणसाने लाकडासाठी, शेतीसाठी आणि गुरांच्या कुरणांसाठी हे जंगल तोडले. काही लोकांनी ही सुंदर माकडे पकडून विकली. 1970 च्या सुमारास जंगलात जेमतेम 200 माकडे उरली. तेव्हा शास्त्रज्ञ आदेल्मार कोइम्ब्रा-फिल्यो यांनी त्यांच्यासाठी खूप धडपड केली. 1974 मध्ये ब्राझील सरकारने तेथे एक जंगल राखीव केले.

निरनिराळ्या देशांतील प्राणिसंग्रहालयांत या माकडांची संख्या वाढवण्यात आली. 1984 पासून त्यांना जंगलात सोडू लागले. पण काय झाले, ठाऊक आहे? पिंजऱ्यात वाढलेल्या माकडांना हलत्या फांदीवरून चालता येईना. अन्न कसे शोधावे, हेही त्यांना कळेना. बरीच माकडे मरण पावली. तरीही माणसांनी धीर सोडला नाही. त्यांनी माकडांना खाऊ दिला, झोपायला लाकडी खोकी टांगली. पुढे जंगलातच जन्मलेली पिल्ले मात्र लहानपणापासून सारे शिकली आणि चांगली जगली.

2014 मध्ये माकडांची संख्या सुमारे 3700 झाली. मग पीतज्वराची साथ आली. डासांमुळे पसरणाऱ्या या रोगाने शेकडो माकडे दगावली. संख्या 2500 वर आली. तेव्हा शास्त्रज्ञांनी रानातली माकडे पकडून त्यांना लस टोचली व पुन्हा सोडून दिले. 2023 च्या पाहणीत सुमारे 4800 माकडे आढळली.

पण अजून संकट टळलेले नाही. जंगलाचे तुकडे झाले आहेत. एका तुकड्यातील माकडाला दुसऱ्या तुकड्यात जाता येत नाही. म्हणून तेथील शेतकरी व कार्यकर्ते मधल्या जागेत झाडे लावतात. 2020 मध्ये तर एका मोठ्या महामार्गावर पूल बांधून त्यावरही झाडे लावली!

मुलांनो, पिंजऱ्यात प्राणी वाचतो, पण जगायला तो जंगलातच शिकतो. म्हणून प्राणी वाचवायचा, तर आधी त्याचे घर वाचवले पाहिजे.

स्वाध्याय
1. या माकडाला 'सिंह-माकड' का म्हणतात?
2. पिंजऱ्यातून सोडलेली माकडे जंगलात का जगू शकली नाहीत?
3. महामार्गावरील पुलावर झाडे का लावली?