कृष्णेची मगर आणि थंडीची सीमारेषा

डिसेंबर-जानेवारीच्या दिवसांत सकाळी दहा-अकराच्या सुमारास भिलवडी-औदुंबरच्या बाजूला कृष्णाकाठाने कोणी चालत गेले, तर पलीकडच्या मळीच्या कडेला एखादे काळपट धूड ऊन खात पडलेले दिसण्याचा संभव असतो. प्रथम वाटते, पुरात वाहून आलेला ओंडका असावा. पण ओंडक्याला तोंड नसते, आणि हे तोंड तर चांगले उघडे असते! नाव जवळ आली की ओंडका पाण्यात सरकतो, आणि मागे उरतो तो ओल्या मातीवरचा शेपटीचा ओरखडा.

आमच्या वर्गात उत्तर अमेरिकेच्या भूगोलाचा तास चालू असताना सरांनी ‘ॲलिगेटर’ हा शब्द उच्चारला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “म्हणजे आपल्या नदीतली सुसरच की!” सर हसले आणि म्हणाले, “ती नव्हे. पण ती का नव्हे, आणि तो प्राणी तेथेच का राहतो, हे तुम्हीच शोधून काढा.” प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी. प्राणिशास्त्र हा काही आमचा विषय नव्हे. परंतु कोणता प्राणी कोठे राहतो आणि कोठे राहू शकत नाही, हा प्रश्न भूगोलाचाच आहे. शिवाय ज्यांच्या घरची माणसे रोज नदीवर जातात, त्यांच्यासाठी तो केवळ पुस्तकातला प्रश्नही राहत नाही.

नावांचा घोळ

प्रथम नावे नीट लावून घेऊ. कृष्णाकाठी बहुतेक लोक या प्राण्याला ‘सुसर’ म्हणतात. ग्रंथांतून मात्र लांब, निमुळत्या तोंडाच्या, मासे खाणाऱ्या घडियालाला सुसर म्हटलेले आढळते. घडियाल हा उत्तरेकडील नद्यांचा, मुख्यतः चंबळेचा रहिवासी. भारतात या कुळाच्या तीन जाती आहेत : घडियाल, ओडिशातील भितरकणिका, सुंदरबन व अंदमान येथील खाऱ्या पाण्यातील मगर, आणि तिसरी गोड्या पाण्यातील मगर. कृष्णेत आहे ती ही तिसरी. तिचे शास्त्रीय नाव ‘क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस’, म्हणजे दलदलीतील मगर. भारत, नेपाळ, श्रीलंका, पाकिस्तान आणि इराणचा आग्नेय कोपरा एवढा तिचा मुलूख आहे.

ॲलिगेटर हा तिचा दूरचा भाऊबंद. त्याच्या दोनच जाती आज जगात आहेत. एक अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागात, टेक्सासपासून नॉर्थ कॅरोलायनापर्यंत; आणि दुसरी, आकाराने बरीच लहान, चीनमध्ये यांगत्सी नदीच्या खालच्या खोऱ्यात. ओळखण्याची सोपी खूण अशी की, तोंड मिटल्यावर ॲलिगेटरचा खालचा चौथा दात वरच्या जबड्यात झाकला जातो, तर मगरीचा बाहेर दिसत राहतो. आपली मगर तिच्या जातभाईंत सर्वांत रुंद तोंडाची असल्यामुळे तिला पाहून ॲलिगेटरची आठवण यावी, हे मात्र साहजिक आहे.

पाठ मऊ का नाही?

‘सुसरबाई सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. संकटात सापडलेला माणूस बलवंताची खोटी स्तुती करतो, असा तिचा आशय. वस्तुतः ती पाठ मुळीच मऊ नसते. कातडीखाली हाडांच्या तकटांच्या रांगा असतात आणि त्या तकटांत रक्तवाहिन्यांचे जाळे असते. उन्हात पाठ तापली की ते रक्त तापते, आणि ऊब शरीरभर पोहोचते. म्हणजे ज्या पाठीची आपण खोटी स्तुती करतो, ती त्या प्राण्याची चूलच म्हणावी लागेल.

आपण माणसे, गाईगुरे, पक्षी अन्न जाळून शरीर गरम ठेवतो. म्हणून आपल्याला रोज खावे लागते. मगर हे करीत नाही. ती ऊब बाहेरून, सूर्याकडून घेते. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने तिला फारच थोडे अन्न पुरते. हा तिचा मोठा फायदा. पण त्याची किंमतही तिला मोजावी लागते. सूर्य रुसला की तिचे सारे व्यवहार थंडावतात. तीस अंश सेल्सिअसच्या आसपास तिचे शरीर उत्तम चालते. ऊब कमी झाली की पचन मंदावते, आणि पोटात अन्न असले तरी ते अंगी लागत नाही. अमेरिकन ॲलिगेटर सुमारे एकवीस अंशांच्या खाली खाणे थांबवितो आणि तेराच्या आसपास निपचित होतो, असे तेथील अभ्यासकांनी नोंदविले आहे.

हिवाळ्यात मगर भर सकाळी काठावर का येते आणि कडक उन्हाळ्यात पाण्यात किंवा बिळात का दडते, हे आता लक्षात येईल. उन्हात ती तोंड उघडे ठेवते तेही बहुधा डोके फार तापू नये म्हणून. तिचा दिवस म्हणजे ऊन आणि सावली यांचा हिशेब आहे.

दोन दरवाजे

थंड प्रदेशाने या प्राण्यांना दोन दरवाजे बंद केले आहेत. पहिला दरवाजा हिवाळ्याचा. २०१० च्या जानेवारीत अमेरिकेतील दक्षिण फ्लॉरिडात कित्येक दिवस कडाक्याची थंडी पडली. ॲलिगेटर आणि मगर हे दोन्ही प्राणी निसर्गतः एकत्र नांदतात अशी ती जगातील एकमेव जागा. त्या थंडीत शंभराहून अधिक अमेरिकन मगरी मेल्या. ॲलिगेटरांनी मात्र ती बऱ्याच अंशी सोसली. नॉर्थ कॅरोलायनात तर तळ्यावर बर्फ धरू लागले की ॲलिगेटर केवळ नाकपुड्या वर ठेवतो, भोवती बर्फ गोठते, आणि तो तसाच निश्चल राहून श्वास घेत थंडी काढतो. २०१८ च्या जानेवारीत हे दृश्य तेथे पाहावयास मिळाले. चीनमधील ॲलिगेटर हिवाळाभर बिळात पडून असतो. तेव्हा या कुळात थंडी सोसण्याची हद्द ॲलिगेटरने गाठली आहे. पण त्याच्याही सोसण्याला सीमा आहे. बर्फ महिनोन् महिने टिकले, तर त्याचा इलाज चालत नाही.

दुसरा दरवाजा उन्हाळ्याचा, आणि तो सहसा आपल्या लक्षात येत नाही. मोठा प्राणी उपाशी राहून, बिळात शिरून हिवाळा काढील. अंडे काय करील? अंड्याला दोन महिन्यांहून अधिक काळ सारखी ऊब हवी. ॲलिगेटरची मादी पालापाचोळ्याचा ढीग रचते. तो कुजताना ऊब निर्माण होते. आपली मगर काठाच्या मातीत किंवा वाळूत खड्डा करून साधारणतः पंचवीस-तीस अंडी पुरते आणि ऊब देण्याचे काम उन्हावर सोपविते. शिवाय या ऊबेवरच पिलाचे लिंग ठरते. एकतीस अंशांपर्यंत बहुतेक माद्या निपजतात, साडेबत्तीसच्या सुमारास नर. ज्या मुलखात उन्हाळा तोकडा, तेथे मोठी मगर एखादे वेळी जगेलही, पण तिचा वंश चालणार नाही. प्राण्याची सीमा ठरविताना तो जगतो का, एवढेच न पाहता त्याची पुढची पिढी निपजते का, हेही पाहावे लागते.

पृथ्वीचा इतिहासही हीच साक्ष देतो. उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समीअर बेटावर ॲलिगेटरच्या कुळातील प्राण्यांचे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. आज तेथे हिमाचे साम्राज्य आहे. तेव्हा दलदल व झाडी होती.

येथे एक शंका येईल. सांगलीला बर्फ पडत नाही, मग आपल्याकडे ॲलिगेटर का नाही? याचे उत्तर थंडीत नाही. मगरींच्या जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, म्हणून त्या खारे पाणी सोसतात. ॲलिगेटरपाशी ती सोय नाही. समुद्र ही त्याच्यापुढची भिंत आहे. हवामान दार उघडे ठेवील, पण दारापर्यंत यायला वाट तर हवी!

कृष्णाखोऱ्याचा नकाशा

आता हा नियम घरच्या नकाशावर लावून पाहू. कृष्णा महाबळेश्वरच्या डोंगरात सुमारे १,३५० मीटर उंचीवर उगम पावते आणि वाई, संगम माहुली, कराड करीत सांगलीला सुमारे ५५० मीटरवर येते. दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश हा भूगोलातील ठोकताळा घेतला, तर उगम आणि सांगली यांच्या तपमानात पाच अंशांचा फरक पडतो. वेण्णा तलावाच्या परिसरात काही हिवाळ्यांत पहाटेचे दव गोठते. सांगलीच्या डोहाला बर्फ ठाऊक नाही. अर्थात केवळ थंडीवर सारे ढकलणे बरोबर नाही. उगमाकडचे पात्र खडकाळ आणि उथळ, तेथे मगरीला हवे तसे डोह नाहीत. कराडला कोयना मिळाल्यावर नदी भरदार होते, आणि कृष्णा-कोयनेच्या त्या पात्रात मगर दिसल्याच्या बातम्या येतात. खाली भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज या पट्ट्यात तर खोल डोह, उंच मातीचे काठ, मासे आणि ऊन असे सर्व एकत्र आले आहे. बंधाऱ्यांमुळे उन्हाळ्यातही पाणी टिकते, याचाही हातभार असावा.

एके काळी कातड्याच्या व्यापारापायी ही जात देशभर संपत आली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, आणि १९७५ मध्ये मगर संवर्धनाचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला.

काठावरची माणसे

येथवर विद्वत्ता झाली. पण नदीकाठी माणसे राहतात. या पट्ट्यात मगरीने माणसांवर हल्ले केले आहेत, काही घरांतील मुलेमाणसे गेली आहेत. आमच्या घरी आजी अजून संध्याकाळी कोणाला घाटाच्या खालच्या पायरीवर उतरू देत नाही. “तिचं घर हाय ते, आपण पावणं,” असे ती म्हणते. पण धुणे घेऊन जाणाऱ्या, गुरे पाण्यावर नेणाऱ्या माणसाला पाहुणा होऊन कसे भागेल?

माझ्या मते वरील शास्त्राचा उपयोग येथे आहे. फेब्रुवारी ते एप्रिल हा अंडी घालण्याचा काळ, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पिले बाहेर पडतात. या दिवसांत मादी घरट्यापाशी राखण करते. नेमके तेव्हाच पाणी ओसरते, आणि माणूस, जनावर व मगर एकाच डोहावर येतात. तिचे शरीर ऊबेमुळे तरतरीत असते आणि भूकही लागलेली असते. म्हणजे धोक्याचे पंचांग आपल्याला मांडता येते. त्या महिन्यांत ठरावीक घाटच वापरावेत, श्रीलंकेत करतात तसे घाटाभोवती पाण्यात मजबूत कुंपण घालावे, नळाचे पाणी वस्तीपर्यंत न्यावे. काठची माती आणि वाळू उपसली, तर घरट्यांच्या जागा जातात आणि मगरी नव्या जागा शोधत वस्तीकडे सरकतात, हेही ध्यानात ठेवावे. पुरात तर त्या कोठेही जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यातील रायबाग तालुक्यात एक मगर घराच्या छपरावर चढून बसली होती.

गोव्यात दुर्भाट-बोरीच्या भागात शेतकरी पौष अमावास्येला मातीची मगर करून पूजतात. गुजरातेत खोडियार मातेचे वाहन म्हणून मगरीला मान आहे. भक्तीने दात बोथट होत नाहीत, हे खरे. तथापि ज्याच्यासह राहावयाचे त्याचे वेळापत्रक जाणून घ्यावे, एवढे शहाणपण त्या प्रथांत आहे.

मगर जेथे आहे तेथे ती ऊन, माती आणि पाणी यांच्या जमाखर्चाने आहे. कोणी वैरभावाने आलेली नाही. पाण्यात राहून तिच्याशी वैर करण्यात अर्थ नाही, आणि खोटी स्तुती करूनही भागणार नाही. काठावरच्या घरातील कोणाचाही जीव जाता कामा नये, आणि नदीही ओसाड होता कामा नये. ही दोन्ही वाक्ये एकत्र खरी करून दाखविणे, हे आम्हा कृष्णाकाठच्या विद्यार्थ्यांचे काम आहे. सरांच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता एवढे उमगले.