गुणगुण थांबवायची, पण सूर घालवायचा नाही

प्रश्न : माझी गिटार स्ट्रॅटोकास्टर घाटाची, तीन सिंगल कॉइल पिकअपची आहे. डिस्टॉर्शन लावलं की फार गुणगुणते. ब्रिजला हमबकर बसवू का? स्वच्छ सूरही हवा आहे.

उत्तर : आधी एक तपासणी करा. गिटार हातात धरून जागेवरच हळूहळू वळा. दिशेप्रमाणे गुणगुण कमी-जास्त झाली, तर पिकअप आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र टिपतोय. तिथे हमबकरच उपयोगी. त्यातल्या दोन कॉइलची गुंडाळणी आणि चुंबकाची दिशा परस्परविरुद्ध असते, त्यामुळे गुणगुण कटते आणि तारेचा आवाज मात्र जमा होतो. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 साली हीच युक्ती वापरली. तारांना हात लावल्यावर करकर थांबत असेल, तर आतून तांब्याची पट्टी लावून भागू शकेल.

मग पिकगार्ड उघडा. खाच अरुंद असेल तर लाकूड कोरू नका, सिंगल कॉइलच्या मापाचे हमबकर मिळतात. पिकअपच्या रोधाच्या किलोओहममधल्या आकड्यांना भुलू नका, ते विक्रेत्यांचं आवडतं खूळ आहे. तुमच्यासाठी मध्यम ताकदीचा, अल्निको 5 चुंबकाचा पिकअप घ्या. वायरिंग चार तारांचं घ्या, म्हणजे स्वच्छ सुरासाठी एक कॉइल बंद करता येईल. त्या वेळी गुणगुण परतेल, हे गृहीत धरा. व्हॉल्यूमचा पॉट 250 किलोओहमचा असेल तर हमबकर मंद वाटतो. 500चा पॉट लावला तर उरलेले दोन पिकअप जरा तीक्ष्ण वाजतील, तेव्हा टोन किंचित उतरवा.