बंदरापासून चिमुरापर्यंत धान्याची वाट

दुष्काळनिवारणास द्रव्य देणाऱ्या व्यापारी, शेतमालक व इतर उदार गृहस्थांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की, धान्य किती खरेदी झाले? आमच्या मते त्याच्या आधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. ते धान्य कोणत्या वाटेने आणि किती ठिकाणी चढवून-उतरवून गावात पोहोचणार?

इ. स. १८६६ मधील ओरिसाची गोष्ट घ्या. त्या प्रांतास आगगाडी नव्हती. सडका अपुऱ्या, बंदरे उथळ. सरकारने तांदूळ आणविला तो इतक्या उशिरा की, पावसाळा लागून जहाजांतील माल किनाऱ्यास उतरविणेच दुरापास्त झाले. सुमारे दहा लाख माणसे प्राणास मुकली, आणि मागाहून आलेला पुष्कळसा तांदूळ शिल्लक पडला!

बंगालची हकीकत याहून विदारक आहे. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले व ब्रह्मी तांदूळ बंद झाला. त्याच वर्षी शत्रूच्या भयाने सरकारने किनारी जिल्ह्यांतील दहांहून अधिक माणसे वाहणाऱ्या होड्या काढून घेतल्या अथवा मोडल्या. जेथे नदी हीच सडक, तेथे होडी नेणे म्हणजे सडक उखडणेच होय. १९४३ च्या दुष्काळास इतर कारणेही होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु समुद्राची वाट व गावची वाट अशा दोन्ही एकदम तुटल्या, हे विसरता येत नाही.

आता चिमुराकडे पाहू. येथे रेल्वे नाही. परंतु नैर्ऋत्येस वरोरा आहे, तेथून वर्ध्यास मिळून मुंबईची वाट. आणि पूर्वेस नागभीड, तेथून गोंदियामार्गे कलकत्त्याची. १८९९–१९०० च्या दुष्काळात यांपैकी वरोऱ्याचाच फाटा होता. आज दोन समुद्रांकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत, ही मोठी जमेची बाजू; एक अडली तर दुसरी चालते. मात्र दोन्हींचा शेवटचा टप्पा सडकेचाच. २०१९ साली रुंदीकरणासाठी नागपूर–नागभीड ही अरुंद गाडी बंद झाल्यावर उत्तरेकडून उमरेड–भिसीच्या सडकेवरच भिस्त राहिली. आमचा व्यवसाय वकिलीचा. पुराव्याची साखळी कोठे तुटते हे पाहण्याची खोड आम्हांस जडली आहे. येथे ती स्टेशनाच्या धक्क्यावर तुटते, जेथे पोती उतरतात पण पुढे नेण्यास वाहन नसते.

धक्का नीट सांभाळला तर काय होते, हे लातुरात दिसले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ३४२ किलोमीटर आगगाडीने पाणी गेले; पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर. मिरजेस नळाने स्टेशनापर्यंत, पुढे रुळांवरून, लातुरात उपसून, शुद्ध करून टँकरने वस्तीत. एकेका सांध्याची तजवीज अगोदर झाली होती.

सबब देणगीचा काही भाग हमाली, ताडपत्री, बारदान व मालमोटारींच्या भाड्यासाठी राखून ठेवू द्यावा, अशी विनंती आहे. खरेदीइतका हा खर्च डोळ्यांत भरत नाही, म्हणून तो बहुधा कोणी देत नाही. वरोरा, नागभीड अथवा भिसी येथे ज्यांचे कोरडे गोदाम रिकामे असेल, त्यांनी रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी समितीस कळवावे. मृगाचा पाऊस पडल्यावर काळ्या मातीच्या आडवाटांनी भरलेली गाडी नेणे कठीण होते.