कोंडलेली वाफ

तुमच्या अम्मी डाळ कशात शिजवतात? पातेल्यात डाळ शिजायला बराच वेळ लागतो. कुकरमध्ये ती लवकर मऊ होते. डाळ तीच, पाणी तेच, शेगडीही तीच. मग फरक कशाचा? फरक आहे दाबाचा.

पाणी तापले की त्याची वाफ होऊ लागते. वरच्या हवेचा दाब तिला अडवत असतो. दाब जास्त असेल तर पाणी अधिक तापल्यावर उकळते. दाब कमी असेल तर लवकर उकळते. नागपुरात पाणी सुमारे ९९ अंश सेल्सिअसला उकळते. चिखलदरा उंचावर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी सुमारे ९६ अंशांनाच उकळते. उकळणारे पाणी त्याहून जास्त तापत नाही. म्हणून तेथे पातेल्यातली डाळ शिजायला अधिक वेळ लागतो.

कुकरमध्ये याच्या उलट घडते. झाकण घट्ट असल्यामुळे वाफ आत कोंडली जाते. आतला दाब जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. दाब आणखी वाढला की शिट्टी उचलली जाते व जादा वाफ बाहेर पडते. शिट्टीची वाट बंद झाली, तर सेफ्टी व्हॉल्व्ह वाफेला वाट करून देतो. वाफ कोंडून अन्न शिजवण्याचे असे भांडे १६७९ साली डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने तयार केले होते.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कुकरमध्ये वाफ असताना झाकण कधीही जोर लावून उघडू नका. झाकण निघताच दाब एकदम कमी होतो. १२० अंश तापलेल्या पाण्यापैकी काही पाण्याची क्षणात वाफ होते. पाण्यापेक्षा वाफेला सुमारे सोळाशे पट जागा लागते. त्यामुळे उकळते अन्न जोराने अंगावर उडते. म्हणून वाफ आपोआप जिरेपर्यंत थांबा.

नागपूरजवळ कोराडी येथे हीच वाफ वीज तयार करते. कोळसा जाळून बॉयलरमधले पाणी तापवतात. मोठ्या दाबाची वाफ टर्बाइनची पाती फिरवते. तेथील ६६० मेगावॉटच्या तीन संचांत दाब हवेच्या दाबाच्या २१८ पटींहून अधिक असतो. इतक्या दाबाखाली पाण्यात बुडबुडे येतच नाहीत. न उकळताच पाण्याची वाफ होते. अशा संचांना तेवढ्याच विजेसाठी कोळसा कमी लागतो.

कोंडलेल्या वाफेला योग्य वाट दिली, तर ती घरे उजळते. घाई केली, तर तीच हात भाजते.

शब्दार्थ
कोंडणे – बंद जागेत अडवून ठेवणे
जिरणे – हळूहळू नाहीसे होणे
पाते – चाकाला जोडलेली पातळ पट्टी
संच – एकत्र काम करणाऱ्या यंत्रांचा समूह

स्वाध्याय
१. चिखलदऱ्याला पातेल्यातली डाळ उशिरा का शिजते?
२. वाफ असताना कुकर उघडला तर काय होते?
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : जास्त, घट्ट, उघडणे.