प्रेस शॉपवर कोण?

चि. निखिल,


वहिनी फोनवर म्हणाली ते खरं आहे का, एवढं आधी कळव. तुझ्या पाळीत ओडिशा-बिहारची पोरं तेवढी प्रेस शॉपवर आणि आपली पोरं इन्स्पेक्शनला, असं चाकणहून आलेलं कुणी सांगून गेलं. कँटीनमध्येही आता त्यांची टेबलं वेगळी म्हणे. तू म्हणशील, त्यांना एकत्रच बरं वाटतं, भाषेची अडचण येत नाही. हे कारण माझ्यापुढे चालायचं नाही.

आबा गिरणीत विणाई खात्यात होते, हे तुला ठाऊक आहे. त्या खात्यात कमाई जास्त. पण पूर्वी तिथे दलितांना घेत नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून बाकीचे विणकर विटाळ मानत. दलितांनी कमी कमाईच्या कताईतच राहायचं. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा कुठे त्याची वाच्यता झाली. आबांच्या वेळी काय होतं, त्यांच्या शेजारच्या साच्यावर कोण होतं, हे मी कधी विचारलंच नाही. कॉलेजच्या वयात त्यांच्यापाशी बसायला मला सवड नसायची. आता कुणाला विचारू?

म्हणून तुझ्यामागे लागलेय. प्रेसवर बोटं जातात रे. पाट्या मराठीत आणि मशीनवर उभा राहणारा ओडिया, हे कसं चालेल? त्याला वाचता येईल अशा भाषेत लाव. पाळी सुरू होताना त्यांच्यातल्या एखाद्याला बोलू दे. मशीन कुठे अडतंय हे त्याला तुझ्याआधी कळलेलं असतं. जागा आलटून पालटून दे. इन्स्पेक्शनला बसलेल्या पोराला माल कशामुळे नापास होतो ते समजतं, मग प्रेसवर त्याचा हात आपोआप जपून चालतो. आपल्या पोरांनाही प्रेसवर उभं कर. कुरकुरतील थोडे दिवस, कुरकुरू देत.

रागावले खरी. एवढ्या लहान वयात पाळी सांभाळायची, वरून साहेबांचा प्रॉडक्शनसाठी तगादा, घरापासून लांब खोली करून राहायचं. मला काय कळत नाही? तुझ्या मनात कुणाविषयी वाईट नाही, हेही जाणते. तरी प्रेसवर कोण, ते कळवच.

दिवाळीला त्या पोरांपैकी कुणाला गावी जायला जमत नसेल, तर तुझ्याबरोबर लालबागला घेऊन ये. चकल्या जास्तीच्या करीन. आणि रात्रपाळीहून आल्यावर उपाशी झोपत जाऊ नकोस, बाळा. फार वाळलास म्हणे.

तुझी,
आत्या