नित्याचे उपकार आणि परमेश्वराचे स्तवन

घरात धान्य आले, मूल आजारातून उठले, प्रवास सुखरूप पार पडला, की मनुष्य सहज हात जोडतो. ही भावना चांगलीच. परंतु तिच्या पोटी एक धोका दडलेला असतो. पुढील वर्षी पावसाने ओढ दिली आणि पीक करपले, तर तीच जिव्हा काय उच्चारील? लाभाच्या मापाने केलेले स्तवन लाभाबरोबरच सरते. म्हणून आभार मानावयाचे ते नेमके कशाबद्दल, याचा विचार साधकाने केला पाहिजे.

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न होत. जीवाच्या कर्मांची सुखदुःखरूप फळे देवतांच्या द्वारे भोगास येतात. धन, आरोग्य, मान ही त्या फळांपैकीच. देवता फळ देतील. पण बंध तोडण्याचे सामर्थ्य एका परमेश्वराचे. मग नित्याच्या अन्नपाण्याचा परमेश्वराशी काहीच संबंध नाही काय? आहे. जीवाचा उद्धार व्हावा या कृपेनेच परमेश्वराची प्रवृत्ती होते. ज्ञान ऐकण्यास कान, नाम घेण्यास वाणी आणि आचरणास देह लागतो. त्या देहास घास लागतो. तो घास पोट भरतो म्हणून थोर नव्हे, तर आणखी एक दिवस स्मरणासाठी लाभतो म्हणून थोर. आभार मानावयाचे ते या संधीबद्दल.

अशी कृतज्ञता कशी असते हे पूर्वजांच्या आचरणात दिसते. सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभूंनी उत्तरापंथे गमन केल्यावर त्यांच्या वियोगात भक्तजनांनी आठवले ते काय? स्वामी कोठे बसले, काय आरोगिले, कोणाशी काय बोलले, हेच. म्हाइंभटांनी एकेकाला विचारून त्या आठवणी गोळा केल्या आणि तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. 'स्थानपोथी'ने स्थाने जपली. बाइदेवबासांच्या 'पूजावसरा'ने स्वामींची दिनचर्या जपली. महदाइसांनी तर लग्नघरातील धवळे या गीतप्रकारालाच श्रीकृष्ण-रुक्मिणीविवाहाचे स्तवन केले. यांपैकी कोणीही आपल्या लाभांची यादी केली नाही. उपकार करणाऱ्याचे लहानातील लहान स्मरणही हरवू न देणे, हीच त्यांची कृतज्ञता होती.

हाच मार्ग आजही खुला आहे. भिक्षेस गेलेल्या तपस्व्याने झोळीत पडेल ते अन्न, गोड-कडूचा विचार न करता, नामस्मरणासह सेवावे. उपदेशी गृहस्थाने उपहार अर्पण करून मगच प्रसाद घ्यावा. त्या क्षणी आपल्या कमाईचा अभिमान थोडा तरी गळतो. आणि ज्या दिवशी ताटात केवळ भाकरी असेल, घरात दुखणे असेल, त्या दिवशीही स्तवनाचा नेम मोडू नये. दुःख आपल्या कर्माचे फळ म्हणून भोगावे, त्याचा दोष परमेश्वरावर ठेवू नये. आणि त्या दुःखातही नाम घेण्याइतका श्वास उरला आहे, हा उपकार विसरू नये.

सुखात केलेले स्तवन सोपे असते. तेथे सुखच बोलत असते. दुःखात केलेल्या स्तवनात मात्र आर्ती बोलते. कृपाळू परमेश्वरास जीवाकडून अपेक्षित आहे ती हीच आर्ती होय.